रादिशाचा हिरवा स्वेटर

मिलुंका माझी शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, आणि हट्टीपणात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. नवरा रादिशा गेल्या हिवाळ्यात गेला, तशी तिच्या घरातली शेगडीही सुतकात बसली. लाकडाच्या भुशाच्या कांड्यांवर चालणारी जुनी लोखंडी शेगडी. बटण कितीही वर चढवा, ज्योत आपली बोटभर, मरगळलेली. काच काळीठिक्कर.

ऑस्ट्रियातून मुलाचा, बोश्कोचा फोन आला. "आई, संत निकोलाच्या सणाला येतोय. घर तेव्हाही असंच गारठलेलं असलं तर तुला गाडीत घालून नेणार. काही ऐकणार नाही."

"नेतोय मला! मी काय बटाट्याचं पोतं आहे?" ती माझ्यापाशी फणफणली.

घर सोडायचं नव्हतं तिला, आणि का ते मला ठाऊक होतं. रादिशा तिच्या स्वप्नात यायचा. उंबऱ्यात उभा, ओठ निळे. "मिलुंका, गारठलोय गं." मरताना त्याने एकच मागितलं होतं: तिने विणलेला हिरवा स्वेटर घालून पुरा, जमीन थंड असते. तोच मेला स्वेटर ऐनवेळी सापडेना. कपाटं उलथीपालथी केली, शेवटी नुसत्या कोटावर पुरला त्याला.

"तो शोधत येतो, देसांका. मी गेले तर त्याला दार कोण उघडणार?"

बाहेर लख्ख ऊन होतं, तरी उंबऱ्याकडे बघायचा धीर काही झाला नाही.

म्हटलं, आधी शेगडीचं बघू. विझवून गार केली, राख खरवडली, जळणाच्या वाटीची भोकं तारेने मोकळी केली. धुराड्यातून परातभर काजळी निघाली. माझ्या घरच्या कोरड्या कांड्या आणून ओतल्या. पेटवली. ज्योत पुन्हा बोटभर!

"तिलाच जळायचं नाहीये," मिलुंका म्हणाली.

"गप गं! शेगडीला कसलं आलंय मन? श्वास कोंडलाय हिचा. बाहेरून हवा कुठून घेते ही?"

"मला काय ठाऊक? ते सगळं रादिशा बघायचा."

रादिशा बघायचा! मला एकदम लख्ख दिसलं. आम्ही इथे सगळेच प्रोमायाला भितो. घरात आरपार शिरणारा वारा तो. त्याने मान धरते, कान ठणकतो, कंबर जाते, हे आम्ही आईच्या मांडीवरच शिकतो. पण रादिशाचं म्हणजे अतीच. भर उन्हाळ्यात बसच्या खिडक्या लावत फिरायचा, लोकांच्या शिव्या खायचा. मिलुंकाची कंबर धरली की किल्लीच्या भोकातसुद्धा कापूस.

मी घरामागे गेले. सशांच्या खुराड्याआड शेगडीची हवेची नळी भिंतीतून बाहेर येते. तिच्या तोंडावर चिखलाने माखलेलं काहीतरी गुंडाळून तारेने करकचून आवळलेलं होतं. तारेला उलटे पीळ. डावखुऱ्या रादिशाचे.

सोडवलं, झटकलं. हिरवी लोकर.

मिलुंका मागे येऊन उभी होती. तिने स्वेटर हातात घेतला आणि मटकन खाली बसली, चिखलातच. "माझी कंबर धरली होती तेव्हा," ती म्हणाली. "शेगडीमागून वारा येतो तुझ्या पाठीवर, मी बंदोबस्त करतो, म्हणाला होता. मग ताप चढला, आणि विसरला. वेडा रे माझा! स्वतः उघडा गेलास." आणि ती हमसून हमसून रडली. मीही रडले, लाज कसली त्यात.

घरात आलो. शेगडी भडाभडा पेटली, काचेमागे ज्वाळा नाचायला लागल्या. खोली इतकी तापली की मी डोक्याचा रुमाल सोडला.

आमच्याकडे मेलेल्याची राहिलेली वस्तू गावातल्या पुढच्या मयताच्या पेटीत ठेवून धाडतात. मी म्हटलं, "म्हातारा झिवोयिन आता काही दिवसांचाच सोबती. त्याच्याबरोबर पाठवून दे."

"त्या विसराळू बेवड्याबरोबर? वाटेत टाकेल कुठेतरी." तिने स्वेटर धुतला, शेगडीपाशी वाळवला आणि स्वतःच्या अंगात चढवला. "मीच घालून नेईन."

मग बोश्कोला फोन लावला. "घर तापलंय. सणाला ये, जेव, आणि एकटा परत जा." एवढं बोलून ठेवून दिला.

दुसरी खुर्ची ओढून तिने शेगडीसमोर मांडली. दार उघडलं. रिकाम्या उंबऱ्याला म्हणाली, "मला यायला वेळ आहे रे. तोवर आत ये, शेक घे." आणि घाईघाईने दार लावलं, प्रोमाया नको म्हणून.

मी अजूनही रोज तिच्याकडे कॉफी प्यायला जाते. दुसरी खुर्ची रिकामी असते, तरी उभ्यानेच पिते.