फर्नांडिस सरांचा नियम

फर्नांडिस सरांनी फळ्यावर एखादा नियम लिहिला की ते खाली खडूने सही करत. मग तो कोपरा पुसायची शिपायालाही परवानगी नसे. मालवणच्या आमच्या कॉलेजात ते वाणिज्य शिकवत. शिकवताना प्रमाण मराठीत, महत्त्वाचं काही असेल तर मालवणीत.

मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी शेअर निवडण्याची स्पर्धा घेतली. पैसे कागदावरचेच. पहिला येईल तो मुंबईच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार होता. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि मसुऱ्यात, आमच्या गावाकडे, शेअर म्हणजे जुगार. मुंबईला गेलो असतो तर बाबांना निदान काहीतरी दाखवता आलं असतं. फळ्यावर नियम होता: 'तीन महिन्यांनी ज्याचा नफा जास्त, तो पहिला.' खाली सही.

मी अभ्यास करून पाच कंपन्या निवडल्या. पहिल्या वर्षाच्या रुझारिओने सगळे पैसे एकाच कंपनीत टाकले. का, तर तिचं नाव त्याच्या मावशीच्या फ्रीजवर होतं. तो शेअर मध्येच निम्म्यावर आला आणि शेवटी दुप्पट झाला. रुझारिओ पहिला, मी दुसरा.

मला ते बरोबर वाटेना. एकूण बाजार किती वाढला ते वजा करून, मधल्या पडझडीचे गुण कापून, मी नवा हिशेब मांडला. त्यात मी पहिला येत होतो. भीत भीत सरांना दाखवला. त्यांनी प्रत्येक आकडा तपासला.

"गणित बरोबर आसा. नियम माझो चुकलो, तां पण बरोबर. पण जातलो रुझारिओच."

"पण सर, हे न्याय्य..."

"किनाऱ्यार सगळे मिळान रापणीचा जाळा ओढतत, तां बघितलंस मा? वाटे मासळी येवच्या आधी ठरतत. मासळी बघून बदलले, तर उद्या दोर कोण ओढतलो?"

रुझारिओ मुंबईत शेवटचा आला. तरीही सरांनी त्याचं अभिनंदन केलं.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा ठरली. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तीत भाग नव्हता. सरांनी मला बोलावलं.

"तुका आता काय मिळूचा नाय. म्हणान नियम तूच कर."

मी केला: किमान पाच कंपन्या, निवडीचं कारण आधी लिहून द्यायचं, बाजाराची वाढ वजा, पडझडीचे गुण कापायचे. तीन महिन्यांनी निकाल मीच काढला. पुन्हा रुझारिओ पहिला. मी आकडे परत परत तपासले.

"चूक गावली?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"मगे वाच."

सरांच्या नोकरीतला तो शेवटचा निकाल. नंतर ते निवृत्त होऊन म्हापशाला मुलीकडे गेले. त्या दिवशी मी वर्गासमोर उभा राहून रुझारिओचं नाव वाचलं. पहिली टाळी सरांनी वाजवली. ती नेमकी कोणासाठी होती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ते माझ्याकडे बघत होते, एवढं खरं.