कानावरच्या खाचा

"मेंढीचं तोंड कुणासारखंही असेल, कान एकाच घरचा असतो," असं स्टेनव्होर नेहमी म्हणायची.

तिच्या खोऱ्यात एका बाजूला काळा डोंगर, दुसऱ्या बाजूला थंड खाडी आणि मधे पट्टीएवढं गवत. आइसलँडच्या उत्तरेला माणसं एवढ्यावरच जगतात, आणि माणसांहून मेंढ्या पुष्कळ. उन्हाळाभर त्या डोंगरावर मोकळ्या. सप्टेंबरात सगळं खोरं घोड्यांवर बसून वर जातं, त्यांना खाली हाकतं आणि गोल दगडी कोंडवाड्यात ज्याची त्यानं निवडून आपल्या खणात घालायची. प्रत्येक घराची कानावरची खाच वेगळी. वाद झाला की निवाडा स्टेनव्होरचा. चाळीस वर्षं हेच चालत आलं होतं.

पण दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. ती कान बोटांनी वाचत होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. कळलं तर कोंडवाड्यातली निवाड्याची मधली जागा जाणार आणि बाहेर सगळ्यांसाठी रश्श्याचं पातेलं ढवळत बसावं लागणार, याची तिला धास्ती.

यंदा मेंढ्या निवडायच्या सकाळी कोंडवाड्यात तिच्या लेकीनं, ओड्नीनं, सहज विचारलं की हल्ली कान एवढे चाचपतेस कशाला. स्टेनव्होर दचकली. संशय नको म्हणून पुढची करड्या तोंडाची मेंढी तिनं नुसत्या अंदाजानं शिंगाला धरली आणि आपल्या खणात ढकलली.

शेजारचा ह्यालमार भिंतीवर तपकीर ओढत बसला होता. तो खाली उतरला.

"स्टेनव्होर, सत्तर वर्षं शेजार केलास, आणि आता म्हातारपणी चोरी शिकलीस होय?"

भोवतीच्या लोकांत हसू उसळलं. ती हसली नाही. दुसऱ्याची मेंढी आपल्या खणात, याहून मोठी नाचक्की त्या खोऱ्यात नाही. तिनं वाकून कानांवरून बोट फिरवलं. डावा टोकाशी चिरलेला, ह्यालमारच्याच घरचा. चुकीचा दोष अंधाऱ्या आभाळावर ढकलता आला असता.

"तुझीच आहे," ती म्हणाली. "मला दिसत नाही, ह्यालमार. दोन वर्षं झाली."

ह्यालमारनं सावकाश नाक पुसलं.

"म्हणजे गेल्या वर्षी माझ्या अकरा मेंढ्या तू न बघताच काढून दिल्यास?"

"बारा. बारावी तुला ओळखता आली नव्हती."

"मग आमच्या डोळ्यांना काय चाटायचंय," तो पुटपुटला, आणि वादातली एक मेंढी स्वतः ओढत आणून त्यानं तिच्या हातांखाली धरली.

तिनं लगेच कान धरला नाही. आधी ओड्नीला हाक मारली. "डोळे मीट, आणि बोट ठेव इथं," म्हणाली. लेकीला पहिल्यांदा चुकू दिलं, दुसऱ्यांदाही.

कोंडवाडा रिकामा झाला तेव्हा दिवस कलला होता. ओड्नी घोड्यावरून पुढे गेली. स्टेनव्होर कळपामागे पायीच निघाली, कुणाचा हात न धरता. ओढ्यापाशी थांबली, पाण्याचा आवाज ऐकला आणि ओलांडून गेली. भिंतीवरून ह्यालमार बघत होता. तपकिरीची डबी हातात उघडीच राहिली होती.