हो की नाही, एवढंच सांगा

माझी भाची अंतरा जिल्हा कोर्टात फौजदारी वकील होती. पुढे ती खुनाच्या कादंबऱ्या लिहू लागली, त्या खपल्या आणि वाहिनीनं तिला मालिका लिहायला बोलावलं. नव्या मालिकेत स्वतःचाच एक जुना खटला वापरणार, असं तिनं मुलाखतीत सांगून टाकलं. गप्प बसणं तिला कधी जमलंच नाही.

खटला कोलशेतच्या एका मुलीच्या खुनाचा होता. अंतरा आरोपीच्या बाजूनं होती. मुलीच्या आईला, शीलाबाईंना, तिनं भर कोर्टात विचारलं होतं, "मुलगी रात्रीची बाहेर असायची ना? हो की नाही, एवढंच सांगा." आई 'हो' म्हणाली. आरोपी सुटला.

मुलाखत वाचून शीलाबाई बाळकुमला आमच्या दारात आल्या. चहाला हात लावला नाही.

"वकीलबाई, तेव्हा कोर्टापुरतं होतं. आता घराघरांत दाखवणार?"

"नावं बदलणार आहे हो मी."

"आई कशी बदलणार?"

मीच अंतराला म्हटलं, "बोल की गं! कोर्टात बरं तोंड चालायचं."

तिनं तिथूनच निर्मात्याला फोन करून गोष्ट मागे घेतली. मालिकाही गेली.

शीलाबाईंनी आभार मानले नाहीत. कशाचे मानायचे? दारात थांबून म्हणाल्या, "तेव्हा बोलू दिलं नाहीत, म्हणून आज सांगते. माझी पोर कंपनीत रात्रपाळीला जायची."

"माहीत होतं मला," अंतरा म्हणाली. "तेव्हाही."