आप्पांची हजेरी

सदलग्याहून फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये सात नंबरच्या संगणकापाशी उभी होते. आप्पांची मुलगी होती. "आक्का, आप्पा गेले... पहाटं, झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि आठ नंबरकडं वळले. आप्पा आठवडाभर तापानं घरी होते, म्हणून त्यांची हजेरी मी घेत होते आणि हजेरी अर्धी सोडायची नाही, हे वळण त्यांनीच लावलेलं. तेराव्या संगणकापाशी मात्र पुढचं काही दिसेना. स्टूल ओढून खाली बसले. त्याला आता सहा आठवडे झाले.

आदगोंडा आप्पा निपाणीच्या आमच्या कॉलेजात संगणकांची देखभाल करायचे. मी तिथं हंगामी म्हणून लागले तेव्हा तिथल्या संगणकांवर चालणारं लिनक्स मला पुस्तकापुरतंच ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी गाव विचारलं. "शहापूरची व्हय? वडील मागावर? मग बरं झालं. तुटलेला धागा हुडकायची सवय असंल तुला." माणूस तसा मिश्कील. पण संगणक बिघडला की कधी त्रागा नाही. समोर बसून पडद्यावर आलेली त्याची तक्रार वाचायचे, आजारी पाहुण्याचं ऐकावं तशी.

आमच्या तीस संगणकांवर मुलांचं काहीच साठवलेलं नसे. सगळं आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर. मुलगा कुठंही बसला, त्यानं आपलं नाव सांगितलं, की त्याची कामाची जागा, म्हणजे त्याचं 'होम', तिथं आपोआप जोडलं जायचं. ही जोडणी नीट चालते का, हे बघायला आप्पा रोज सकाळी तीसही संगणकांवर स्वतःचं नाव टाइप करत आणि आपलं होम उघडतंय का ते पाहत. हीच त्यांची हजेरी. आम्ही चिडवायचो, "आप्पा, तीस जागी तुम्हीच हजर, मग पगारबी तीस घ्या की!" ते नुसते हसायचे.

त्या पहिल्या वर्षीच मी मोठा घोळ घातला. आप्पा पाहुण्यांच्या गावी जैन मंदिरातल्या पंचकल्याण पूजेला गेले होते आणि लॅब माझ्यावर होती. सोमवारी मुलं यायच्या आधी मी होमची यादी उघडली, तर ती कोरी. एकाही मुलाचं नाव नाही! सगळ्यांचं काम पुसलं गेलं, असंच मला वाटलं. पूजेतल्या माणसाला फोन कसा करायचा, म्हणून मी शहाणपणा केला. आपोआप जोडणारी ती व्यवस्था बंद केली आणि प्रत्येक संगणकावर मुलांच्या नावानं हातानं जागा तयार केल्या. "जुनं काम आप्पा आले की मिळेल," असं मुलांना सांगितलं. पोरांनी तीन दिवस खपून प्रोजेक्टचा शेवटचा भाग तिथं लिहिला. गुरुवारी दुपारी वीज गेली. ती आल्यावर संगणक सुरू झाले, तशी ती व्यवस्थाही आपसूक सुरू झाली. जुनं काम परत दिसू लागलं आणि तीन दिवसांचं नवं काम गायब! शुक्रवारी सकाळी बाहेरचे परीक्षक येणार होते. प्राचार्यांनी खुलासा मागितला. माझी नोकरी गेली, हे मी मनाशी धरूनच चालले होते.

आप्पा त्याच संध्याकाळी एसटीतून उतरून पिशवीसकट लॅबमध्ये आले. मी रडत सगळं सांगितलं. "यादी कायम कोरीच दिसती गं," ते म्हणाले. "नावानं हाक मारल्याबिगर कोण येत न्हाय. पोरांनी नुसतं नाव सांगितलं असतं तरी होम आलं असतं." मग त्यांनी ती व्यवस्था थांबवली आणि पडद्याकडं बोट केलं. मुलांचं काम जागच्या जागी होतं. वर सर्व्हरचं होम येऊन बसलं होतं, म्हणून खालचं झाकलं गेलं होतं, इतकंच. एकेका संगणकावरचं काढून सर्व्हरवर ठेवता ठेवता दिवस मावळला. आप्पांचा डबा पिशवीतच राहिला. सूर्यास्तानंतर ते पाणीसुद्धा घेत नसत. मी हात जोडले, तर म्हणाले, "एक दिवस उपास घडला. लई मोठं काय न्हाय."

परीक्षा झाली. प्राचार्य मला एवढंच म्हणाले, "पुन्हा असं नको." पुढं मी कायमही झाले. इतक्यावर कसं निभावलं, हे मी ना त्यांना विचारलं, ना आप्पांना.

गेल्या आठवड्यात ऑफिसचं पत्र आलं : मयत कर्मचाऱ्याचे खाते बंद करून त्यातील साठा काढून टाकावा. काम अर्थात माझंच. मी यादी उघडली. कोरी. आप्पांचं नाव टाइप केलं... आणि होम उघडलं. हजेरी घेताना ते उघडतंय एवढंच मी बघायचे, आत पहिल्यांदाच डोकावले. आत नातवाचे दोन फोटो, संगणकांच्या दुरुस्तीच्या नोंदी आणि प्राचार्यांना लिहिलेलं एक जुनं पत्र. 'होमची यादी कोरी दिसते, ही गोष्ट रजेवर जाताना मी मॅडमना सांगितली नव्हती. त्या नवीन आहेत. चूक माझी आहे.'

सांगितली होती. दोनदा सांगितली होती, समोर बसवून, चहा पाजून. मीच न समजता मान डोलावली होती. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोट न घेणाऱ्या माणसानं माझ्यासाठी हे खोटं लिहून दिलं आणि इतक्या वर्षांत त्याचा एका शब्दानं उच्चार केला नाही. मी त्या रिकाम्या लॅबमध्ये मनसोक्त रडले.

मग ऑफिसला उत्तर लिहिलं. आधी त्या जुन्या घोळाची चूक माझी होती, आप्पांची नव्हे, हे स्पष्ट लिहिलं. आणि खाली : सदर खाते बंद करता येणार नाही, ते रोज वापरात आहे.

यात काही खोटं नाही. आज सकाळीही मी तीस संगणकांवर आप्पांचं नाव घेतलं. तीसही ठिकाणी ते आले.