इस्तू मागावा, आग मागू नये

मी नायगावची. नोकरी लागली ती मात्र लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या पुढे एका गावच्या प्राथमिक शाळेवर. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद रंगानं झाकून त्यावर लातूर लिहिलं होतं, पण रंग पातळ निघाल्यानं दोन्ही जिल्हे वाचता यायचे. त्यात दुष्काळ. पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. रॉकेल कधी येईल ते दुकानदारालाही सांगता येत नसे.

मला खोली दिली ती साठीच्या एका विधवा बाईंनी. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. सगळं गाव त्यांना अव्वा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. पहिल्या आठवड्यातच माझा स्टोव्ह कोरडा पडला. खोलीबाहेर तीन दगड मांडले, काटक्या रचल्या, तर पेटीत काडी नाही. मी अव्वांच्या चुलीपाशी गेले.

"अव्वा, थोडी आग देता का?"

त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला. "कुनाच्या घराला लावायची?"

"स्वयंपाकाला हवी होती."

"मग इस्तू म्हना की. आग लागती, इस्तू मागतेत. लेकरायला काय शिकवता वो बाई तुमी?"

इस्तू म्हणजे विस्तव हे मला ठाऊक होतं. आमच्या घरीही तोच शब्द होता. पण मी डी.एड. करून आले होते आणि शुद्ध बोलायचं ठरवलं होतं. त्या दिवशी मी अशुद्ध बोलून भात शिजवला.

पुढे बाकीचंही कळत गेलं. दिवेलागणीनंतर इस्तू घराबाहेर देत नाहीत. चूल विझवली असं म्हणायचं नाही, जाळ मागं ओढला म्हणायचं. डोळ्यांची आग होते, पोटात आग पडते, हे मात्र अव्वा बिनदिक्कत बोलत. म्हणजे अंगात आग चालायची, घरात नाही.

याचं कारण मला टँकरच्या रांगेत पुढच्या बाईनं सांगितलं. अव्वांच्या भिंतीला भिंत लावून त्यांच्या थोरल्या जाऊबाई राहायच्या. त्याही विधवा, त्याही एकट्या. अकरा वर्षांपूर्वी थोरल्यांच्या लेकीच्या लग्नात, अक्षता पडता पडता, चुलवणावरची ठिणगी मांडवाच्या कडब्यावर उडाली. ते पहिल्यांदा अव्वांनी पाहिलं आणि त्या ओरडल्या, "मांडवाला आग लागली!" वऱ्हाड पळालं. नवरदेव सर्वांत पुढे होता. ओंजळभर कडबा जळला, पण मुहूर्त टळला. थोरल्यांनी धरलं की जावेनं मुद्दाम लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आग म्हटली. "इस्तू पडला म्हनली असती तर कोन पळालं असतं?" हा त्यांचा मुद्दा होता. कुणीच पळालं नसतं, हे खरं होतं. लेकीचं पुढे उत्तम चाललं, तिला तीन मुलं झाली. पण दोघी जावांमध्ये त्या दिवसापासून विस्तव जात नव्हता, आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

उन्हाळ्यात अव्वा भाच्याकडे उदगीरला गेल्या. जाताना राखेखाली निखारा पुरून मला म्हणाल्या, "रोज एक गवरी घाला. मी येईस्तोवर मरू देऊ नका." मी दुसऱ्याच दिवशी विसरले. तिसऱ्या दिवशी सकाळी राख उकरली तर सगळी गार. दुकानात काडेपेट्या संपलेल्या. शाळेची वेळ होत आली होती. मी जवळच्या दारात गेले.

थोरल्या अव्वांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या गवरीच्या तुकड्याकडे पाहिलं. "येवढ्यानं काय हुतंय? वाटेतच इजंल. मोठी घे," म्हणाल्या आणि स्वतःची गवरी पेटवून दिली. वाट दहा पावलांची होती.

त्याच संध्याकाळी अव्वा आल्या, हातपाय धुतले, चुलीपुढे बसल्या. राख हलवली आणि विचारलं, "ही गवरी आपली न्हाई. इस्तू कुठला?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण गवरीवर थोरल्यांच्या पाचही बोटांचे ठसे होते.

"शेजारचा."

अव्वांनी गवरी परत राखेत सारली. "काय म्हनली?"

"मोठी गवरी घे म्हणाल्या."

"मोठी म्हनली?"

"हो."

त्यांना तो इस्तू विझवायचा होता हे मला दिसत होतं. पण चुलीत पाणी ओतणं अभद्र, आणि ओतण्याइतकं पाणीही नव्हतं. त्या रात्री त्यांनी उदगीरहून आणलेले चुरमुरे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही चुरमुरेच. तिसऱ्या दिवशी तव्यावर भाकरी टाकली.

यानंतर पंधराएक दिवसांनी त्यांनी मला शाळेत जाताना अडवलं. "तिच्या घरातून धूर न्हाई. बघून या."

थोरल्या तापानं फणफणल्या होत्या. मी येऊन तसं सांगितलं. अव्वांनी खापरात निखारे घेतले, पदरात कण्या बांधल्या आणि निघाल्या. मी मागोमाग.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी हाय, आक्का."

"काय आनलंस?"

"इस्तू."

"आग न्हाई न्हवं?"

अव्वा सरळ चुलीशी गेल्या. चूल पेटवली, कण्या शिजायला ठेवल्या आणि मगच वळून बोलायला सुरुवात केली. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. थोरल्याही तापात उठून बसल्या. मी शाळेला गेले, मधल्या सुट्टीत आले, तेव्हा भांडण मुहूर्तापर्यंत पोचलं होतं आणि कण्या करपल्या होत्या.

त्यांचं गोड झालं असं म्हणता येणार नाही. पण तो दुष्काळ सरेपर्यंत त्यांनी एकच चूल चालवली, सरपण वाचतं म्हणून. मी तिसरी जेवणारी.

पुढे माझी बदली नायगावकडे झाली. बऱ्याच वर्षांनी अव्वा गेल्याचा निरोप आला. दोन एसट्या बदलून पोचले. अंगणात माणसं बसली होती. थोरल्या उंबऱ्यात होत्या, आता पार वाकलेल्या. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अग्नी कधी द्यायचाय?"

म्हटल्याबरोबर जीभ चावली. यांच्यात बसवून पुरतात, हे मला इतकी वर्षं माहीत होतं.

थोरल्यांनी माझ्याकडे बघितलं. "हिच्या घरात येवढी जेवलीस आन् अजून बोलायचं कळंना तुला." मग माझा हात धरून त्या उठल्या. "चल. तिला बसवलंय. दोघी मिळून माती देऊ."