मेलेल्या बापाचं पोट

मरण्यात केवळरामचा हात धरणारा अर्जुनी मोरगावच्या आसपास कोणी नव्हता. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरे, मंडईला नाटक होई आणि नाटकातला बाप होऊन दरवर्षी तोच मरे. गेल्या वर्षी मात्र मेल्यावर त्याचं पोट बोललं, तेही माइकजवळ. उरावर पडून रडणारी लेक खुदकन हसली. दिग्दर्शक चुन्नीलालने तिथेच बजावलं, "पुढच्या साली पोट गप नसलं, तर बाप दुसरा."

गुडगुड जुनीच होती. ओवा झाला, हिंग झाला. गोंदियाच्या डॉक्टरने तपासण्या केल्या. आतड्याला ना जखम, ना गाठ. "आतड्यातले जंतू माजले असतील. ही गोळी आतड्यातच काम करते. बरं वाटलं तरी कोर्स पूरा करना, काका."

निम्म्या गोळ्यांतच पोट शांत झालं. केवळराम हरखला. उरलेल्या गोळ्या मंडईच्या दिवशी एकदम घ्यायच्या, म्हणून त्याने त्या बियाण्याच्या धानात लपवल्या. संध्याकाळीच त्या बायकोच्या, मंदाबाईच्या हाती लागल्या.

"दवा होय का बिजाई, राखून ठेवाले? अर्धे जंतू मेले असतील जी, अर्धे तुमच्यावानी मेल्याचं सोंग करून रायले!"

मग ती रोज समोर उभी राहून गोळी गिळायला लावी आणि जीभ उचलून बघे.

मंडईला बाप मेला. पोट गप्प. बाया डोळे पुसू लागल्या. केवळरामला मरणाचं सार्थक वाटलं.

पण पहिल्या रांगेत त्याची थोरली बहीण होती, मंजूबाई. सालेकशाकडे दिलेली, दुपारीच मंडईला आलेली. गोळ्यांचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. कडेवर वाढवलेल्या या भावाचं पोट तिने कधी इतकं मुकं ऐकलं नव्हतं. ती तडक मंचावर चढली आणि त्याच्या पोटाला कान लावून ओरडली, "केवळ्या! काऊन बोलत नाही रे तुयं पोट!"

हललं तर बापाचं काम जाणार. केवळराम ओठ न हलवता पुटपुटला, "बाई, दवा घेतली. जित्ता आहो. रड."

ती अशी रडली, की अख्खा मांडव रडला.

पडद्यामागे चुन्नीलाल नाक शिंकरत म्हणाला, "बाप तूच. पण पुढच्या साली बाईलेही आणजो."

"येईन," मंजूबाई म्हणाली, "पण हा मराच्या आधी पोट ऐकून घेईन."