जिनिंगच्या खोल्यांची तपासणी

शहाद्याच्या रस्त्याला एक जिनिंग आहे. मालकाच्या आजोबांनी मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्यांची ओळ बांधली आणि नातवाने त्या पुण्याईवर आजवर एक वीट वाढवली नाही. कापसाच्या हंगामात तोरणमाळकडची माणसं तिथे उतरतात, एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं. पिण्याचा हौद आणि संडासाची गटार यांच्यात हातभर अंतर. बंगला मात्र या माणसाने वाऱ्याची दिशा बघून बांधला.

मी त्या भागाची आरोग्यसेविका होते. एका हिवाळ्यात ओळीत कावीळ शिरली. आमच्या पद्धतीप्रमाणे भेटीची तारीख आणि आजाऱ्यांचा आकडा मी गेरूने दाराशेजारी लिहीत गेले. पाचव्या खोलीतल्या बाईला आठवा महिना होता. तिचे डोळे पिवळे झाले होते, आणि गरोदर बाईचा ही कावीळ जीव घेते. मुकादमाने सोडल्याशिवाय तिचा नवरा हलेना. मग मी मालकाकडे गेले. म्हटलं, हौद बंद करा, हिला दवाखान्यात जाऊ द्या.

"ताई, ह्या लोकेस्ले काही व्हत नही," तो पान चघळत म्हणाला. "डोंगरमा झिरानं पानी पेतस ह्या."

डोंगरातला झिरा याच्या हौदापेक्षा शंभर पटीने स्वच्छ असतो, हे त्या दीडशहाण्याला कोण सांगणार! मी वर तक्रार केली. तपासणीला साहेब येणार असं ठरलं. त्यांनाच ती बाई दाखवायची आणि त्यांच्याच जीपमधून तिला हलवायची, असं मी मनाशी पक्कं केलं.

त्या दिवशी सकाळी जाताना वाटेत मालकाचा ट्रॅक्टर भेटला. ट्रॉलीत डोक्यावरून फडकी घेतलेली माणसं होती. त्यांच्यात ती होती, शेजारी तिचा नवरा. आजाऱ्यांना दिवसभर ब्राह्मणपुरीकडच्या केळीच्या मळ्यात बसवून ठेवायचं, एवढी अक्कल मालकाला बरोबर सुचली होती. खोल्यांना ओला चुना फासला होता, माझे आकडे गायब. पाचव्या खोलीला कुलूप.

"ती गावले गयी," मुकादम म्हणाला.

साहेब नाकाला रुमाल लावून हिंडले, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि हौदाचं पाणी पिण्यायोग्य असल्याचं लिहून मोकळे झाले. खाली माझी सही हवी होती. माझी बदली त्यांच्या हातात होती. ट्रॉलीचा विषय न काढता मी सही केली. मालकाला आणि साहेबांना नावं ठेवायचा माझा हक्क तिथेच संपला, तरी मी ठेवते.

संध्याकाळी ट्रॉली परतली तेव्हा ती बरळत होती. मग मात्र कुणी अडवलं नाही, तिला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती तिथेच गेली, पोटातल्या बाळासकट.

तिचा नवरा बाहेर ओट्यावर बसला होता. त्याने विचारलं, "बाई, तू त्या दिवशी वाटेत आम्हाला पाहिलं ना?"

"नाही रे," मी म्हणाले.